तलफ येते तेव्हा फोनच्या पलीकडे कोण असावं?

सिगारेट वाईट आहे, हे ती ओढणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं, डॉक्टरांनी बजावलेलं असतं, घरचे तर येता-जाता ऐकवत असतात. ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती अनेकदा सोडूनही पाहिलेली असते. म्हणजे घोडं माहितीपाशी अडलेलं नाही, आणि बऱ्याचदा इच्छेपाशीही नाही. ते अडतं वेळेपाशी. समुपदेशक भेटतो सकाळी अकराला, ठरलेल्या वेळी, खुर्चीत बसून. तलफ येते रात्री साडेदहाला, कुणाशी तरी वाजल्यावर, गच्चीत एकटं उभं असताना.

या दोन वेळांमधलं अंतर मोबाइलने मिटवता येईल का? आणि त्या फोनच्या पलीकडे डॉक्टर किंवा समुपदेशक नसून आपल्यासारखाच सिगारेट सोडू पाहणारा माणूस असेल, तर त्याचा उपयोग होतो का? गेली वीसेक वर्षं यावर बरंच संशोधन झालं आहे. उत्तर ‘होतो’ असं आहे, पण सरसकट नाही. कुठे होतो आणि कुठे होत नाही, ते पाहण्याआधी तलफेकडे जरा नीट बघायला हवं.

पाच मिनिटांचा प्रश्न

झुरका घेतला की निकोटीन फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचतं. याला लागतात साधारण १० ते २० सेकंद. मेंदूत ते पेशींवरच्या काही विशिष्ट रिसेप्टरना, म्हणजे ते पकडून ठेवणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं, त्यातून डोपामीन नावाचं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. कृती आणि बक्षीस यांत इतकं कमी अंतर असलं की मेंदू ती कृती फार पटकन शिकतो. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या रिसेप्टरची संख्याही वाढते, आणि निकोटीन मिळालं नाही की तेच बोंब मारायला लागतात. रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. दिवसभरात ठरावीक अंतराने सिगारेट का लागते, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण रसायनात नाही, सवयीत आहे. जेवण झालं की सिगारेट, काम अडलं की सिगारेट, फोनवर लांबलचक बोलणं सुरू झालं की सिगारेट. अशा हजारो वेळा जुळलेल्या जोड्या मेंदूत पक्क्या बसलेल्या असतात. सिगारेट सोडल्यावर शरीराचा त्रास, म्हणजे चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, सारखी भूक, हा पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. सवयीच्या जोड्या मात्र त्यानंतरही कुठेतरी दबा धरून बसतात. दोन महिने काही वाटलं नाही आणि एका लग्नात जुने मित्र भेटल्यावर हात आपोआप पुढे गेला, असं होतं ते यामुळेच.

मोबाइलच्या दृष्टीने यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी, की एकेक तलफ सुटी पाहिली तर ती फार वेळ टिकत नाही. काही मिनिटं, ढोबळमानाने पाचेक मिनिटं, ती चढते आणि ओढलं नाही तरी उतरते. ओढणाऱ्याला त्या क्षणी हे खरं वाटत नाही. त्याला वाटतं, ही आता ओढेपर्यंत वाढतच जाणार. म्हणजे मदत जर उपयोगी पडायची असेल, तर ती त्या पाच मिनिटांत पोहोचली पाहिजे. उद्याच्या भेटीत मिळालेला उत्तम सल्ला आजच्या त्या पाच मिनिटांत काडीचाही कामाला येत नाही.

कुणाचीही मदत न घेता, नुसत्या निश्चयावर सिगारेट सोडणाऱ्यांचं काय होतं, याचा एक आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने ते वर्षभरानंतरही सिगारेटपासून दूर असलेले निघाले अवघे ३ ते ५ टक्के. आणि बहुतेकांनी पुन्हा सुरू केली होती ती पहिल्या आठ दिवसांतच. हे वाचून निराश व्हायचं कारण नाही. कोणत्या दिवसांत पहारा सगळ्यात कडक हवा, ते त्यातून कळतं एवढंच.

आधी आले नुसते मेसेज

स्मार्टफोन सर्रास होण्याआधीच हा प्रयोग सुरू झाला होता. न्यूझीलंडमध्ये १,७०५ जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. सिगारेट सोडण्यासाठी धीर देणारे, सल्ला देणारे, कधी नुसतं लक्ष दुसरीकडे वळवणारे मेसेज ज्यांना पाठवले, त्यांच्यातल्या २८ टक्के लोकांनी सहा आठवड्यांनी आपण सोडल्याचं सांगितलं. असे मेसेज न मिळालेल्या दुसऱ्या गटात हा आकडा १३ टक्के होता.

पण ‘सांगितलं’ आणि ‘सोडली’ यांत फरक असतो. कुणी विचारलं की माणूस थोडं बरं बोलतो. त्यामुळे या क्षेत्रात सगळ्यात वजनदार मानला जातो तो ब्रिटनमधला ‘टेक्स्ट टू स्टॉप’ हा अभ्यास. तो २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ५,८०० लोक होते, आणि सोडल्याचा दावा करणाऱ्यांची लाळ तपासली गेली. निकोटीनचं शरीरात कोटिनीन होतं, आणि ते निकोटीनपेक्षा बराच जास्त वेळ टिकतं, म्हणून त्यावरून पकडता येतं. निम्म्या लोकांना पहिले पाच आठवडे रोज पाच मेसेज आणि पुढचे २६ आठवडे आठवड्याला तीन मेसेज जायचे. उरलेल्या निम्म्यांनाही मेसेज जायचे, पण त्यांत सिगारेट सोडण्याबद्दल काही नसायचं. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले १०.७ टक्के लोक सलग सिगारेटमुक्त निघाले, दुसऱ्या गटातले ४.९ टक्के.

दुपटीहून जास्त! पण याच आकड्याची दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवायला हवी. मेसेज मिळालेल्यांपैकी जवळपास नव्वद टक्के लोकांना तेवढ्याने जमलं नाही. मोबाइल ही जादूची कांडी आहे असं कुणी विकायला आलं, तर हा आकडा विचारावा. तरीही हे यश छोटं नाही. एक समुपदेशक दिवसाला जेवढ्या माणसांना भेटेल त्याच्या कैक पट लोकांपर्यंत मेसेज नगण्य खर्चात जातो. लाखाच्या हिशेबात पाच-सहा टक्क्यांचा फरक म्हणजे पाच-सहा हजार माणसं.

या ब्रिटिश योजनेत दोन गोष्टी अशा होत्या, ज्या आपल्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत. पहिली, तलफ आली किंवा एखादी सिगारेट ओढली गेली, तर ठरलेला एक शब्द पाठवायचा, की लगेच उत्तर यायचं. म्हणजे मेसेज एकतर्फी नव्हते, ते हाकेला ओ द्यायचे. दुसरी, ज्याला हवा असेल त्याला योजनेतलाच दुसरा एक सोबती जोडून मिळायचा. साधारण आपल्यासारखाच, आपल्याच सुमारास सिगारेट सोडणारा. दोघांनी एकमेकांना मेसेज करायचे.

२०१९ मध्ये कोक्रेन या संस्थेने जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मेसेजवर आधारलेल्या योजनांनी सिगारेट सुटण्याचं प्रमाण साधारण दीडपट होतं, असं त्यात दिसलं. ॲपच्या बाबतीत मात्र फायद्याचा पुरावा मिळाला नाही. ॲपवरचे चांगले अभ्यास तोवर अगदी मोजके होते, हे खरं. पण मला त्यात नवल वाटत नाही. ॲप उघडायला आपणहून जावं लागतं, आणि तलफेच्या वेळी माणूस आपणहून मदतीकडे सहसा जात नाही. मेसेज आपल्याकडे येतो.

आपल्यातलाच एक

आता मूळ प्रश्न. मेसेज यंत्राने पाठवला काय आणि माणसाने पाठवला काय, काय फरक पडतो?

पहिला फरक विश्वासाचा. ‘तलफ आली की दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे आणि ते वाचून कुणीही डोळे फिरवेल. तेच कुणी लिहिलं की ‘काल मीटिंग संपल्यावर जाम तलफ आली होती, सरळ जिना उतरून खाली गेलो, तीन चकरा मारल्या, वर आलो तोवर गेली’, तर वाचणाऱ्याला पटतं. सल्ला तोच आहे, पण त्याला अंगावर काढलेल्याचा वास आहे. संशोधकांनीही हे हेरलं. आता अनेक योजनांमध्ये तज्ज्ञांनी लिहिलेल्या मेसेजबरोबर, सोडलेल्या किंवा सोडत असलेल्या लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले मेसेजही पाठवले जातात. अमेरिकेत ई-सिगारेट सोडू पाहणाऱ्या १८ ते २४ वर्षांच्या २,५८८ तरुणांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातली योजना अशीच होती. सात महिन्यांनी मेसेज मिळालेल्यांपैकी २४.१ टक्के ई-सिगारेटपासून दूर होते, न मिळालेल्यांपैकी १८.६ टक्के.

दुसरा फरक आहे जबाबदारीचा. यंत्राला खोटं सांगताना माणसाला लाज वाटत नाही. ज्या माणसाने रात्री अकराला आपल्याला उत्तर दिलं, त्याला सकाळी ‘ओढली’ असं कळवायचं जिवावर येतं.

तिसरा फरक थोडा अनपेक्षित आहे. मदत करणाऱ्यालाही मदत होते. फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्येच ही गोष्ट मांडली होती, आणि दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची रचना तर १९३५ पासून याच पायावर उभी आहे. दुसऱ्याला ‘थांब, पाच मिनिटं काढ’ असं सांगताना आपण ते स्वतःलाही सांगत असतो. शिवाय रोज मदत मागणारा माणूस स्वतःच्या नजरेत थोडा थोडा लहान होत जातो. अधूनमधून मदत देण्याची पाळी आली की तो तोल सावरतो. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्यात ही अदलाबदल होऊच शकत नाही.

आणि माणसं सिगारेट सोडतात तीही बहुधा घोळक्याने. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या आरोग्य-पाहणीत पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती साठवलेली आहे. त्यातल्या १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ या काळातली नाती, मैत्र्या आणि सिगारेटच्या सवयी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी ताडून पाहिल्या. नवरा किंवा बायकोने सिगारेट सोडली, तर जोडीदार ओढत असण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झाली. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. आख्खी मित्रमंडळं एकदमच सोडताना दिसली, आणि जे ओढत राहिले ते हळूहळू ओळखीपाळखीच्या जाळ्याच्या कडेला सरकत गेले. ही दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. ज्याच्या भोवतीचे सगळे मित्र अजून ओढतात, त्याला सिगारेट सोडणं म्हणजे मंडळी सोडणं वाटतं. फोनवरचा गट त्याला दुसरी मंडळी मिळवून देतो, निदान काही आठवड्यांपुरती.

मग घरच्यांनीच साथ दिली तर?

इथे एक गोष्ट खटकते. मित्राचा, जोडीदाराचा एवढा प्रभाव असेल, तर घरच्यांना ‘साथ कशी द्यावी’ हे शिकवलं की काम व्हायला हवं. यावर अभ्यास झाले. कोक्रेनने त्यांचाही आढावा घेतला, आणि जोडीदाराची साथ वाढवण्याच्या अशा प्रयत्नांनी सिगारेट सुटण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही.

असं का, याचं माझं उत्तर हे. घरच्यांच्या ‘आज नाही ना ओढलीस?’ या प्रश्नात मागच्या दहा वर्षांचा हिशेब असतो. प्रश्न प्रेमाचा असतो, पण ऐकू येते झडती. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याला तलफ हा मनाचा कमकुवतपणा वाटतो, आणि ते त्याच्या आवाजात उतरतंच. अनोळखी सोबत्याकडे आपली जुनी वही नसते. त्याच्यासाठी आपण फक्त ‘चौथ्या दिवसावर असलेला माणूस’ असतो.

सोबतीचा उपयोगही सगळीकडे सारखा होत नाही. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, नर्सकडून मदत घेणाऱ्या लोकांच्या जोड्या लावून दिल्या. चार आठवड्यांनी जोडी असलेल्यांपैकी २७ टक्के सिगारेटपासून दूर होते, एकट्यांपैकी १२ टक्के. पुढे २००६ मध्ये हाच प्रकार, आधीपासूनच गटाने उपचार घेणाऱ्या लोकांवर करून पाहिला, आणि तिथे जोड्या लावून शेवटी काही हाती लागलं नाही. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की अर्थ लागतो. जो एकटा लढतो आहे त्याला सोबती मिळाला की मोठा फरक पडतो. ज्याच्याभोवती गट आहेच, त्याला आणखी एक जोडीदार देऊन फारसं काही वाढत नाही.

व्हॉट्सॲप, ट्विटर आणि एक फसलेला प्रयोग

हाँगकाँगमध्ये २०१५ च्या सुमारास एक छोटा पण फार उद्बोधक अभ्यास झाला. नुकतीच सिगारेट सोडलेल्या १३६ लोकांचे तीन भाग केले. काहींना व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं, काहींना फेसबुक ग्रुपमध्ये, आणि उरलेल्यांना फक्त पुस्तिका दिली. ग्रुप दोन महिने चालले, प्रत्येकात एक प्रशिक्षित समुपदेशक होता. दोन महिन्यांनी पुस्तिकावाल्यांपैकी ४२.६ टक्के लोक पुन्हा ओढू लागले होते, व्हॉट्सॲपवाल्यांपैकी फक्त १७ टक्के. फेसबुकवाले मधे, ३० टक्क्यांवर. सहा महिन्यांनी हे अंतर कमी झालं, पण व्हॉट्सॲपचा गट तेव्हाही पुढेच होता: त्यातले ४०.५ टक्के पुन्हा ओढू लागले होते, पुस्तिकावाल्यांपैकी ६१.१ टक्के.

माणसं तशीच, समुपदेशक त्याच प्रकारचे, मग व्हॉट्सॲप फेसबुकच्या पुढे का गेलं? व्हॉट्सॲपच्या गटांत लोक कितीतरी जास्त बोलत होते. एकाची गोष्ट, तिला दुसऱ्याचं उत्तर, त्यावर तिसऱ्याची थट्टा. फेसबुकवर लिहायचं म्हणजे चारचौघांत उभं राहून बोलल्यासारखं वाटतं. व्हॉट्सॲपवर माणूस कुजबुजतो. तलफेची कबुली द्यायला कुजबूजच बरी.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या कॉर्नेलिया पेचमन आणि स्टॅनफर्डच्या ज्युडिथ प्रोचास्का यांनी ट्विटरवर खासगी गट करून पाहिले. एका गटात वीस माणसं, शंभर दिवस. रोज एक यांत्रिक मेसेज यायचा, पण तो सल्ला देत नसे. प्रश्न विचारून गप्पा सुरू करून द्यायचा आणि बाजूला व्हायचा. पुढचं बोलणं माणसांचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १६० लोक होते, सगळ्यांना निकोटीनच्या पट्ट्याही दिल्या होत्या. गटातल्या ४० टक्के लोकांनी साठ दिवसांपर्यंत सिगारेटपासून सलग दूर असल्याचं सांगितलं, गट नसलेल्यांपैकी २० टक्क्यांनी. आकडे माणसांनी स्वतः सांगितलेले आहेत, लाळ तपासून काढलेले नाहीत, हे लक्षात ठेवायचं. पण यंत्राने प्रश्न टाकायचा आणि उत्तरं माणसांनी द्यायची, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

न्यूझीलंडमध्येच पुढे एक प्रयोग झाला, त्यात कल्पना आणखी आकर्षक होती. सिगारेट सोडत असलेल्या साध्यासुध्या माणसांनी आपला प्रवास सांगणारे छोटे व्हिडिओ फोनवर पाठवायचे, आणि त्यातला आपल्याला जवळचा वाटणारा माणूस आपणच निवडायचा. २०११ मध्ये निकाल आले तेव्हा हे व्हिडिओ मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत काहीच फरक नव्हता: सिगारेट सोडलेले अनुक्रमे २६.४ टक्के आणि २७.६ टक्के. हव्या तेवढ्या लोकांच्या जवळपासही संशोधक पोहोचू शकले नव्हते, २२६ जणांवरच थांबावं लागलं, त्यामुळे या एका निकालावरून कल्पनाच टाकाऊ ठरवता येत नाही. पण व्हिडिओतल्या माणसाला आपण काही विचारू शकत नाही, हा मुद्दा मला इथे नजरेआड करता येत नाही. तो आपल्यासारखा असेल, पण तो आपल्याला ओळखत नाही.

ग्रुप कसा मरतो

कुणालाही व्हॉट्सॲप ग्रुप काढता येतो, आणि बहुतेक ग्रुप तिसऱ्या आठवड्यात सुप्रभातच्या चित्रांवर येऊन थांबतात. सिगारेट सोडणाऱ्यांचा ग्रुप मरतो तो बहुधा वेगळ्या कारणाने: कुणीतरी एक सिगारेट ओढतो, लाजेने गप्प बसतो, मग दुसराही गप्प बसतो, आणि उरतात ते फक्त ‘आज सोळावा दिवस, मस्त वाटतंय’ असं लिहिणारे. अशा ग्रुपमध्ये धडपडणाऱ्याला तोंड उघडायची सोय राहत नाही.

या लाजेवर ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखादी सिगारेट ओढली गेली याने माणूस पुन्हा व्यसनात पडतोच असं नाही. तो पडतो त्यानंतरच्या विचाराने. ‘झालं, गेलंच सगळं, आपल्याला जमणारच नाही, मग पाकीट संपवूनच टाकू.’ एक सिगारेट ते एक पाकीट हे अंतर तो विचार कापतो. म्हणून ग्रुपमध्ये सगळ्यात मोलाचा मेसेज असतो तो ‘मी काल एक ओढली’ हा, आणि त्याला पहिल्या दहा मिनिटांत काय उत्तर येतं त्यावर त्या माणसाचं पुढचं बरंचसं ठरतं. ‘अरे, असं कसं केलंस?’ हे उत्तर आलं तर तो पुन्हा लिहिणार नाही. ‘कुठे होतास? कोण होतं सोबत?’ हे विचारलं तर बोलणं घसरलेल्या माणसावरून घसरण्याच्या जागेकडे वळतं. याचा अर्थ ‘एखादी चालते’ असं ग्रुपने म्हणावं असा नाही. एकही झुरका नको, हा नियम ढिला करायचा नाही. नियम कडक आणि माणसं मऊ, अशी सांगड घालायची. ती जमवणारा एक जाणता माणूस ग्रुपमध्ये हवाच, आणि हाँगकाँगच्या ग्रुपमध्ये तो होता.

बाकी पथ्यं चटकन सांगण्यासारखी आहेत. ग्रुप लहान असावा, पंधरा-वीस जणांचा, म्हणजे नावं लक्षात राहतात. सगळ्यांची सोडण्याची तारीख जवळपास एकच असावी, कारण तिसऱ्या दिवसाचं दुखणं सहा महिने झालेल्याला आठवत नाही. फोन नंबर सगळ्यांना दिसणार, हे आधीच सांगितलेलं असावं. कुणाला नोकरीच्या ठिकाणी किंवा घरी कळू द्यायचं नसतं. विक्रेते घुसतात, ‘तीन दिवसांत व्यसनमुक्ती’चे मेसेज टाकतात, त्यांना त्याच क्षणी बाहेर काढावं. आणि औषधांचे डोस ग्रुपमध्ये ठरवू नयेत.

या शेवटच्या गोष्टीवर दोन शब्द जास्त. निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम, व्हॅरेनिक्लीन, ब्युप्रोपिऑन ही औषधं काम करतात, आणि औषध व बोलण्याचा आधार दोन्ही मिळाले तर त्यांतल्या नुसत्या एकापेक्षा जास्त काम होतं. फोनवरचा सोबती औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. ‘मी गोळीशिवाय सोडली, तूही सोड’ असं अभिमानाने सांगणारा सोबती नकळत दुसऱ्याचं नुकसान करतो. शिवाय एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधं जास्त वेगाने संपवतं. सिगारेट बंद झाली की तो वेग उतरतो आणि त्याच गोळीची रक्तातली मात्रा वाढते. मानसिक आजारासाठीचं क्लोझापीन आणि ओलान्झापीन, दम्यासाठीचं थिओफिलीन ही अशी औषधं आहेत. ती सुरू असतील तर सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं. हे कुठलाही ग्रुप सांभाळू शकत नाही.

दोघांचा करार

योजना नाही, अभ्यास नाही, ग्रुपही नाही, अशा माणसाने काय करायचं? एक सोबती शोधायचा. शक्यतो तोही त्याच आठवड्यात सोडणारा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांपूर्वी सोडलेला. रोज भेटणारा ओढणारा मित्र नको, कारण तो डगमगला की दोघंही जातात, आणि तेही एकाच पाकिटातून.

काही गोष्टी आधी ठरवून टाकाव्यात, कारण तलफेच्या वेळी माणूस लांबलचक लिहीत बसत नाही. एक अक्षर किंवा एक खूण ठरवावी, तिचा अर्थ ‘आत्ता तलफ आली आहे’. ती आली की समोरच्याने काहीही करत असला तरी एका ओळीचं उत्तर द्यायचं. उत्तर सल्ल्याचं नसलं तरी चालतं. उलट ‘आत्ता कुठे आहेस? समोर काय दिसतंय?’ असं काहीतरी विचारलेलं जास्त बरं, कारण त्याला उत्तर द्यायला माणूस टाइप करतो, दोन्ही हात गुंततात आणि मिनिटं जातात. रात्री कुणी किती वाजेपर्यंत जागा असतो, तेही सांगून ठेवावं. उत्तर आलं नाही तर रागवायचं नाही, आणि त्या वेळेसाठी दुसरा उपाय, फेरी मारणं किंवा दात घासणं, हाताशी ठेवायचा. पहिले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक मेसेज, तलफ असो वा नसो. नंतर अंतर वाढवलं तरी चालेल, पण लग्न, पार्टी, प्रवास असेल त्या दिवशी आधीच कळवायचं: ‘आज संध्याकाळी अवघड आहे.’ संकट येऊन गेल्यावर सांगण्यापेक्षा येण्याआधी सांगितलेलं फार उपयोगी पडतं, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत.

फोन स्वतःच सिगारेटचं निमित्त असतो, ही गंमतही विसरू नये. बऱ्याच जणांचा एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सिगारेट असा वर्षांनुवर्षांचा जम बसलेला असतो. अशांनी सोबत्याशी बोलताना निदान जागा तरी बदलावी. ओढायच्या जुन्या कोपऱ्यात उभं राहून ‘तलफ आली’ लिहू नये.

तीनेक महिन्यांनी एक वेगळीच अडचण येते. स्वतःला आठवण होत नसते आणि ग्रुपच रोज सिगारेटचं नाव काढून आठवण करून देतो. काही जण तेव्हा निघून जातात आणि मागे राहिलेल्यांना वाटतं की हा पुन्हा ओढायला लागला. तसं नसतं. ज्याला नव्यांना उत्तर देण्यात बळ मिळतं त्याने राहावं, ज्याला त्या गप्पांनीच जुनी जीभ खवळते त्याने सांगून निघावं किंवा ग्रुप म्यूट करावा. एका सोबत्याचा नंबर मात्र काढून टाकू नये, आणि ती ठरलेली खूण अजून चालू आहे का, एवढं त्याला विचारून ठेवावं.